बुचांचा जोड

"साहेब, तोंडावरचा हात तेवढा काढता का? ह्यांना ओठ दिसले पाहिजेत," विणकराची बायको म्हणाली.

साहेबानं हात काढला. नुकसानभरपाईच्या त्या ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे चाळणी म्हणत. त्याच्या टेबलावरून खोटा अर्ज कधी पुढे सरकला नव्हता, आणि त्याला त्याचा भारी अभिमान. लंगडत आलेल्यांना त्यानं जिन्यावरून पळायला लावलं होतं. पाठ मोडलीय म्हणणाऱ्या एकाकडून तर स्वतःची खुर्ची उचलून घेतली होती.

समोरचा अर्ज साधा होता. विणकर, कापड गिरणीत सव्वीस वर्षं, कायम कामगार. मागांच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले. मंजूर झालं तर कानाची दोन यंत्रं आणि दरमहा थोडी रक्कम. तपासणीचा कागदही जोडला होता. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं, असं विणकराला सांगितलं होतं. त्यानं ते एकदाही केलं नव्हतं.

"बोट वर न करणं कुणालाही जमतं," साहेब म्हणाला.

बायको नवऱ्याकडे वळली आणि तिनं नुसते ओठ हलवले.

"शिट्टी आलीच नाही, साहेब," विणकर गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला.

"आवाज न काढता काय शिकवताय त्यांना?"

"शिकवतेय कसली! तीनशे माग धडधडत असतात तिथं. सगळे असेच बोलतात. घरी तर फार उपयोगी पडतं. सासूबाईंची गाऱ्हाणी मी सासूबाईंच्या समोर बसून सांगितलीत."

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. साहेब हसला नाही.

"म्हणजे तुम्हीपण तिथंच होता?"

"अठरा वर्षं. पण ठेकेदाराकडून. रजिस्टरात नाव नाही माझं."

"मग तुम्हाला काही मिळायचं नाही."

"मी कुठं मागतेय?"

साहेबानं कागद उलटला. खरी खोच इथं होती. "कंपनी म्हणते, कायम कामगारांना कानात घालायला बुचं दिली होती. दरवर्षी एक जोड. ह्या बघा यांच्या सह्या. मग कान गेले कसे?"

बायकोनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"बुचं कायमवाल्यांनाच मिळायची," ती म्हणाली. "ह्यांनी आपली मला दिली. मी नको नको म्हणत होते, पण ऐकतील तर शपथ. म्हणून माझे कान धडधाकट राहिले, आणि ह्यांचे हे असे झाले."

हे मात्र तिनं नवऱ्याला ओठांनी सांगितलं नाही. विणकर टेबलाच्या कडेकडे बघत होता. नेमका तेव्हाच त्याला खिशातला रुमाल आठवला. त्यानं मान पुसली, मग तोंड पुसलं, मग पुन्हा मान पुसली.

साहेब उठला. फाईल काढायच्या निमित्तानं तो दोघांच्या पाठीमागे गेला आणि लोखंडी कपाटाचं दार त्यानं धाडकन आपटलं. कारकुनाच्या हातातलं पेन उडालं. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी "अरे काय पडलं?" म्हणून ओरडलं. साहेबाची नजर समोरच्या खिडकीच्या काचेवर होती. काचेत विणकराची पापणीसुद्धा लवली नाही. बायको पिशवीच्या बंदाची गाठ सोडवत होती, ती सोडवतच राहिली.

साहेब परत येऊन बसला. "केवढ्यानं दार आपटलं मी! तुम्हीसुद्धा दचकला नाहीत?"

"अठरा वर्षं तिथं काढलीत साहेब. दारानं काय होतंय मला?"

हे साहेबाला पटलं. तो मान खाली घालून लिहायला लागला. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "नातवंडं आहेत?"

कुणी काही बोललं नाही. विणकर खुर्चीत जरा सरकला, त्याचं कोपर बायकोला लागलं.

"काय म्हणालात? माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं."

"नातवंडं आहेत का, विचारलं."

"एक नात आहे. लेक लांब राहते. पोरगी आत्ताच बोलायला लागलीय, रोज फोन करते. समोर माणूस असलं की ओठांवरून भागतं हो. फोनवर ओठ कुठून आणायचे? नुसतं कानाला लावायचं आणि हूं हूं करायचं. ती आजी म्हणाली, आजोबा म्हणाली, की रडली, काही कळत नाही. फार जीव तुटतो, साहेब."

तिनं डोळे पुसले.

नवऱ्यासाठी रडणाऱ्या बायका साहेबानं ढिगानं पाहिल्या होत्या. बहुतेकींचं रडणं अर्जाइतकंच खोटं निघायचं. हे रडणं खरं होतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवावर ते त्याला लगेच ओळखता आलं. त्यानं सही केली आणि शिक्का मारला.

"यंत्रांचं माप खालच्या मजल्यावर घेतात. जाता जाता देऊन जा."

"नको, नको," बायको घाईनं म्हणाली. "आमच्या घराजवळच्या दुकानात देऊ माप. पावती आणून दिली तर चालेल ना?"

"चालेल की. नियमात बसतं."

दोघं उठली. विणकरानं हात जोडले, पण साहेबाच्या नजरेला नजर दिली नाही. बायकोनं मंजुरीचा कागद छातीशी धरला आणि ती भराभर बाहेर पडली. तो तिच्यामागून गेला.

"साहेब, अहो एका बैठकीत मंजूर?" कारकून म्हणाला. "तब्येत बरी आहे ना?"

"गप रे. स्वतःचे कान घालवून बायकोचे वाचवले त्या माणसानं. आपल्याच्यानं झालं असतं का?"

बोलता बोलता साहेबाचं लक्ष टेबलाखाली गेलं. बाईंची पिशवी तिथंच राहिली होती, आत सगळे मूळ कागद. एरवी त्यानं शिपायाला पिटाळलं असतं. आज तो स्वतः पिशवी घेऊन उठला.

लांबलचक व्हरांड्यात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. शेजारी शेजारी चालत ती पार टोकाशी पोचली होती.

"बाई! ओ बाई! तुमची पिशवी!"

बाई कागद छातीशी धरून तशाच पुढे चालत राहिल्या. थबकून मागे वळला तो विणकर.