हायड्रंट फोरमधला चौथा

कॉर्डेलने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचा चौथा चेहरा पुसून टाकला.

इनेस शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आली. हँडबॉलच्या मैदानाची ती उंच भिंत तिला मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. तिने त्यावर खडूने चार चेहरे आखले होते. आता तीन उरले होते, आणि शेजारी एक पांढरा फराटा.

“डोकं फिरलंय का तुझं?”

“ह्या भिंतीवर खबऱ्या चढणार नाही,” कॉर्डेल म्हणाला. “बाकीचे तिघं रंगव. जुबली, हॉलिस, डीजे कटलास. बस्स.”

“नाव हायड्रंट फोर आणि माणसं तीन? चौथा म्हणून काय रस्त्यावरचा हायड्रंटचा नळ काढू?”

बाकांवर उन्हात बसलेली मंडळी हसली आणि उठून जवळ आली. हायड्रंट फोर हा रॅप ग्रूप म्हणजे ह्याच इमारतींमधली चार पोरं. त्यांचा पहिला अल्बम आला त्या उन्हाळ्यात ब्रॉन्क्समधल्या प्रत्येक गाडीतून तोच वाजत होता. ती पोरं आता साठीला टेकली होती. चौथा, लाइल, गेल्या हिवाळ्यात दूर व्हर्जिनियात वारला होता.

“लाइल इथून निघून गेला तेव्हाच ग्रूप संपला,” फिट्झरॉय म्हणाला. तो बस चालवायचा आणि दिवसभर हीच गाणी गुणगुणायचा. “त्याच्याशिवाय काढलेला तिसरा अल्बम ऐकवत नाही. जुबली नुसता ओरडतो. हॉलिसला आपल्या गाड्यांपलीकडे काही सुचत नाही.”

“तिसराच सगळ्यात खरा आहे!” कॉर्डेल म्हणाला. “त्यात ढोंग नाही.”

“असं? मग त्यातली एक ओळ म्हणून दाखव.”

कॉर्डेलने तोंड उघडलं. मग मिटलं. लोक खो-खो हसले.

“बघा! भक्त आहेत आणि आरती येत नाही!” फिट्झरॉय म्हणाला. “अरे, शब्द लाइल लिहायचा. बाकीचे तिघं फक्त तोंड हलवायचे.”

कॉर्डेलच्या कपाळाची शीर तटतटली. “मला सांगतोस? त्यांच्या रेकॉर्डच्या पेट्या मी वाहिल्यात. लाइल आणि मी एका बाकावर बसून शिकलो. शब्द म्हणे! कुठले शब्द? ‘पोलीस आले दारात, मला काहीच दिसलं नाही’, हे कोणाचे? त्याचेच ना? ते घोकून घोकून आम्ही मोठे झालो. आणि हा स्वतः जाऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. रफसकडे बोट दाखवलं. आपल्याच माणसाकडे!”

“रफसने एका पोराला गोळी घातली होती, कॉर्डेल,” इनेस म्हणाली. “इथं, ह्याच मैदानात. त्या पोराचा कशाशी संबंध नव्हता.”

“मला माहीत आहे कोण मेलं!” तो इतक्या जोरात ओरडला की कुंपणापलीकडची कबुतरं उडाली. “मी त्या दिवशी इथं नव्हतो. मावशीकडे होतो, न्यूअर्कला. पण असतो, तरी तोंड उघडलं नसतं.”

त्याला ते कोणी विचारलंच नव्हतं.

कित्येक वर्षांपूर्वी ती साक्ष झाल्यावर लाइलच्या दारावर कोणी तरी लाल रंगाने उंदीर काढला, खबऱ्याची खूण म्हणून. बाकीच्या तिघांनी त्याचा फोन उचलणं सोडलं. लोकांनी त्याच्या रेकॉर्ड आणून ह्याच मैदानात फोडल्या. सगळ्यात पुढे कॉर्डेल होता. लाइल सामान बांधून गेला आणि तिकडे एका गोदामात खोकी उचलत राहिला. पुन्हा एक ओळ त्याने लिहिली नाही. त्याच्या दफनाला इथून एकच माणूस गेलं. मिस व्हर्नेल.

त्या आता गर्दीतून पुढे आल्या. मेलेला पोरगा, रोलंड, त्यांचा होता. लोक आपोआप बाजूला झाले.

“कॉर्डेल, ते फडकं खाली टाक.”

“मिस व्हर्नेल, तुमच्या दुःखाबद्दल मला आदर आहे, पण हा प्रश्न—”

“टाक म्हणते ना!”

त्याने टाकलं. त्यांना असं ओरडताना कोणी कधी ऐकलं नव्हतं.

“मी त्या दिवशी खिडकीत होते,” त्या म्हणाल्या. “चौथ्या मजल्यावर. गोळी कोणी घातली ते मला दिसलं नाही, झाड आड आलं. पण गोळ्या थांबल्या तेव्हा त्या कुंपणाशी दोन माणसं जमिनीला चिकटून पडलेली मला दिसली. एक उठून माझ्या रोलंडकडे धावला. दुसरा रस्त्याकडे पळाला.”

कॉर्डेलने मान खाली घातली नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“धावला तो लाइल. साक्षीच्या आदल्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, मी पाहिलं ते सगळं सांगेन, पण दुसऱ्याचं नाव तुम्ही घेऊ नका, त्याची मुलगी अजून पाळण्यात आहे. मला राग आला. माझं लेकरू गेलं होतं, मला दोन साक्षीदार हवे होते. तरी मी गप्प बसले. त्याने हात जोडले म्हणून.”

“दुसरा कोण होता?” इनेसने विचारलं.

मिस व्हर्नेलनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या कॉर्डेलच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“रफसच्या वकिलाने लाइलला फाडून खाल्लं, बाळा. खोटारडा म्हणाला, एकट्याच्या शब्दाला काय किंमत म्हणाला. सोबत कोण होतं, सोबत कोण होतं, पुन्हा पुन्हा विचारलं. बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती लाइलने. आणि दर वेळी तो म्हणाला, मी एकटाच होतो.”