मनगटावरची सवत
नवऱ्याच्या हृदयाचे ठोके अठरा वर्षांपासून ताल सोडून पडत होते. “नाडी पूर्ण मिनिटभर मोजा,” डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. रोज सकाळी गोळीआधी ती त्याचं मनगट धरायची, मध्येच आकडा चुकायची आणि पुन्हा एकपासून मोजायची. मग लेकीने नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं आणि बायकोचं मनगट धरणं सुटलं. “जरा चाला” म्हणून बायको वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होती. घड्याळ नुसतं थरथरलं की स्वारी लगेच चालायला उभी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सवतच आली मेली,” असं पुटपुटत तिने चार्जर शिवणाच्या डब्यात दडवला. दोन दिवसांनी घड्याळ बंद पडलं. “चार्जर कुठे ठेवलात हो?” तिने साळसूदपणे विचारलं. “बटणांच्या खाली आहे,” तो म्हणाला. ती वरमली. “मग काढलात का नाही?” त्याने मनगट पुढे केलं. “घड्याळ तुझ्यासारखं मुद्दाम चुकत नाही गं.”