पहिलीच वेळ

आजार घराण्यातून आलेला. पाच वर्षांच्या पोरीच्या कपाळावर पांढरी बट, डोळे निळेशार, ऐकू अजिबात येत नाही आणि आतड्याच्या शेवटाला जीवच नाही. तेवढा भाग कापून, शी गोळा करणारी पोटावरची पिशवी काढून डॉक्टरांनी आतडं जोडलं होतं. "आज शी झाली नाही, तर पुन्हा पोट उघडावं लागेल," असं सांगून ते गेले. आई हटून बसली होती. पोर घरी जाणार ती पिशवीशिवायच.

दुपारी वॉर्डात वास सुटला. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी नाक दाबलं. "अगंबाई! एवढी मोठी घोडी, आणि अंथरुणात?"

पोरीला शब्द कळले नाहीत, मावशींचं तोंड मात्र दिसलं. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

आई ताडकन उठली. "मावशी, नाक सोडा आणि दोन्ही हात वर करून हलवा. सगळ्यांनीच हलवा."

"कशाला गं?"

"जन्मल्यापासून पिशवीतच व्हायची. आपल्या वाटेने आज पहिल्यांदा झालीय. आणि टाळ्या तिला ऐकू येत नाहीत."

आईने चादर बाजूला केली, तेव्हा सगळ्यात उंच हात मावशींचे होते.