तिसरी उडी

मुलीची तीनपैकी पहिली लांब उडी खरोखरच फाऊल होती. बुटाचं टोक फळीच्या चांगलं दोन बोटं पुढे पडलं होतं. खेळाच्या सरांनी लाल झेंडी वर केली आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. स्वतःचीच पोर चुकली म्हणून आभार!

काय करणार, शब्द देऊन बसले होते. सकाळीच घरात जुंपली होती. बायको म्हणाली, "लोकांच्या पोरींना काय उड्या मारायला लावायच्यात त्या लावा. माझी पोर पंधरा दिवस परगावच्या शिबिराला जायची नाही. उद्या पायबीय मोडून घेतला तर कोण करणार आहे तिच्याशी लग्न?" पोरगी बूट घालून दारातच उभी. शेवटी सरांनीच तोडगा काढला, "निवड झाली तर जाईल. नाही झाली तर आजपासून मैदान बंद. कबूल?"

पोरगी हसून म्हणाली, "कबूल." तिला स्वतःच्या पायांची खात्री होती. आणि बापाचीही.

दुसऱ्या उडीला बूट फळीपुढच्या मातीला घासला की नाही, देव जाणे. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर सरांनी पांढरी झेंडी दाखवली असती. त्यांनी लाल दाखवली. खड्ड्यापाशी फीत धरायला गणिताच्या बाई होत्या. त्यांनी उलगडलेली फीत परत गुंडाळली.

कुंपणापलीकडे नेहमीचं टोळकं होतं. त्यांचे शेरे सर वीस वर्षं ऐकत आले होते. "लक्ष देऊ नका गं, खेळा तुम्ही," असं मुलींना सांगायचे आणि स्वतः शिट्टी फुंकायचे. आज मुलीने केस घट्ट बांधले, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी शीळ घातली, आणि सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांच्या मुलींसाठी तो एकदाही झाला नव्हता.

मुलीने पावलं मोजली. पोरगी हुशार! या खेपेला ती फळीच्या पुरती एक वीत अलीकडूनच उडाली. तरीही वाळूत जिथे पडली, तिथवर शाळेतली एकही मुलगी आजवर पोचली नव्हती. मैदानभर आरडाओरडा झाला. बाई फीत घेऊन धावल्याच.

सरांनी लाल झेंडी वर केली.

"अहो सर, पाय तर केवढा अलीकडे होता!" बाई म्हणाल्या.

"फळीपाशी मी उभा आहे की तुम्ही?" सर खेकसले. "वाळू सारखी करा. पुढची मुलगी!"

बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी दाताळं ओढलं, वाळूतली खूण बुजली.

मुलगी गुडघे झटकत आली. आता ही रडणार, भर मैदानात भांडणार, असं सरांना वाटलं. धाव चुकते, घाई करतेस, असं काहीबाही त्यांनी तोंडाशी तयार ठेवलं होतं. ती भांडली नाही. समोर येऊन थांबली. सरांच्या हातातली लाल झेंडी अजून वरच होती.

"बाबा, हात खाली घ्या आता," ती म्हणाली. "माझ्या उड्या संपल्या."