चौपट धोका

खोडाळ्याजवळच्या पाड्यांवर फिरून हर्षालीने विडी आणि छातीच्या आजाराचा हिशेब मांडला. न ओढणाऱ्या शंभरांत तिघे आजारी निघाले, ओढणाऱ्या शंभरांत बारा. म्हणजे धोका चौपट. ओढणाऱ्यांत तिचा बापही होता. पाहणीला तिच्यासोबत फिरणाऱ्या मुलीने विचारलं तेव्हा "रोज एक पेटवतो" असं त्यानेच सांगितलं होतं.

सकाळी तो नागलीच्या शेताकडे निघाला, तशी ती भांडायच्या तयारीने मागोमाग गेली. बापाने विडी पेटवून बांधावरच्या दगडावर ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला. विडी विझली. त्याने पुन्हा काडी लावली, पण तोंडाला काही नेली नाही.

"बाबा, तू ओढत नाहीस?"

"पुंजाकाका छातीच्या दुखण्यानं गेला तवाच सोडली. ही त्याची हाय. आधी रोज हितंच बसायचो ना दोघं."

हर्षालीचा जीव भांड्यात पडला. ती त्याच्या बाजूला टेकली. "मग ओढणाऱ्यांत तुझ्या जागी कुणाला धरू?"

"पुंजालाच धर की," बाप म्हणाला. "त्याला आता कसला धोका?"