निळा गाल

शाळेच्या दारात बाईंनी रोजच्यासारखं ओवीला आ करायला सांगितलं. डावा गाल आतून निळाशार झाला होता.

"रक्त कशानं आलं गं?"

ओवीनं शेजारी उभ्या असलेल्या आईकडे, हेमांगीकडे पाहिलं. तांबड्या पेशी फोडून त्यांतलं लोह खाल्लं की निळे पडणारे जंतू हेमांगीनंच घडवले होते. हिरड्यांचं दुखणं वेळीच कळावं म्हणून आता ते प्रत्येक मुलाच्या तोंडात होते.

"ब्रश लागला," ओवीनं सांगितलं.

"मग आईला दाखव. त्याच दातांच्या डॉक्टर आहेत ना!"

"तिला माहितेय," ओवी म्हणाली.

वर्गाच्या पायरीवरून तिनं टाटा केला. सकाळी दुधावरून हेमांगीनं ज्या हातानं तिच्या थोबाडीत मारली होती, तो हात काही केल्या वर होईना.