उतरवलेला भाव

अस्नकेच नावाची बाई दुपारी इस्पितळात वारली. अदिस अबाबाच्या गाड्यांच्या बाजारात ते थोड्याच वेळात सगळ्यांना कळलं, फक्त तिच्या नवऱ्याला, देमिसेला सोडून.

तिच्या भावाने फोन केला तो शिफेरावला. शिफेराव गाड्यांचा दलाल आणि देमिसेचा शेजारी.

"त्याला कळू देऊ नकोस," भाऊ म्हणाला. "पहाटे आम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन दारात येतो, रीतीप्रमाणे सांगतो. तोवर अडकवून ठेव. हातात पैसे पडले की तो थेट इस्पितळाच्या पैसे भरायच्या खिडकीवर जाईल. मग खिडकीतला कुणीतरी कारकून त्याला सांगेल."

शिफेरावने फोन खिशात टाकला तेव्हा देमिसे समोरच उभा होता. बायकोच्या निळ्या विजेच्या गाडीला टेकून. गाडी विकून त्याला संध्याकाळच्या आत ऑपरेशनचे पैसे भरायचे होते.

"कुणाचा फोन?"

"गिऱ्हाईक."

"मग बोलाव ना त्याला. मघाशी बावीस लाख म्हणालास."

शिफेराव गाडीच्या टायरकडे बघत म्हणाला, "बावीस नाही जमायचे, गाशे. बारा."

देमिसे हसला. ज्याला मानाने 'गाशे' म्हणायचं त्या वयाने मोठ्या माणसाची कुणी अशी चेष्टा करत नाही, पण शिफेराव घरचाच होता. "अरे, बॅटरीला मशीन तूच लावलंस. चौऱ्याण्णव टक्के शाबूत दाखवली. सगळ्यांनी बघितलं."

"मशीनचं काय घेऊन बसलात. गाडी चीनची, मशीनही चीनचं. भाऊ भावाची बाजू घेणारच."

दोघंतिघं हसले. शेजारचा दलाल केदिर म्हणाला, "बॅटरी बसली की ही चार चाकांची खाट, गाशे. उद्या या. उद्या बघू."

"उद्या माझ्या काय कामाचं?"

देमिसे रांगेतल्या दुसऱ्या दलालांकडे गेला. त्याच्या पाठीमागून शिफेराव प्रत्येकाला मान हलवून खुणावत होता. एकाने बारा सांगितले. दुसऱ्यानेही बारा. तिसऱ्याने गाडीकडे बघितलंही नाही, दुकानाचा पत्रा खाली ओढून घेतला.

देमिसे परत आला तेव्हा त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बारा तर बारा. दे."

हे शिफेरावच्या ध्यानीमनी नव्हतं. अर्ध्या किमतीला या बाजारात कुणी मोडकी गाडीही देत नाही. त्याने केदिरकडे बघितलं. केदिरने नजर वळवली.

"आता सहा," शिफेराव म्हणाला.

पहिला ठोसा नाकावर बसला. दुसऱ्याने तो दोन गाड्यांच्या मधे पडला.

"तूच विकलीस ना ही गाडी तिला? दर रविवारी तिच्या हातची कॉफी पितोस, हरामखोरा! ती तिकडे पोट धरून पडलीय आणि तू सहा म्हणतोस?"

शिफेरावने हात उगारला नाही. त्यामुळे देमिसे आणखीच पेटला. त्याने बरगड्यांत लाथा घातल्या. मग डिकी उघडून चाकाचा पाना काढला. शिफेरावने डोक्यावर हात घेतले होते. पाना त्या हातांवर बसला आणि बोट मोडल्याचा आवाज उभ्या असलेल्यांना ऐकू आला.

केदिर धावला. "अहो, बास! तुमची बायको..."

"केदिर!" खालून शिफेराव ओरडला. तोंडातून रक्त उडालं. "गप्प बस."

"बोलू दे त्याला!" देमिसे म्हणाला. "काय माझी बायको? बोल! तिच्या जिवाचा भाव करताय तुम्ही सगळे मिळून. सांग खरा भाव काय ते!"

 केदिरने मान खाली घातली.

"भाव मी सांगितलाय," शिफेराव म्हणाला. "सहा लाख."

पाना त्याच्या तोंडावर आला.

चौघांनी मिळून देमिसेला ओढून काढलं आणि त्याच्याच गाडीत मागे बसवलं. पाना हिसकावून घेतला.  देमिसेच्या सदऱ्यावर रक्त होतं, त्याचं नव्हे. जरा वेळाने त्याने फोन काढला आणि मेव्हण्याला लावला.

"उचलत नाहीये," हात धरून बसलेल्या माणसाला त्याने सांगितलं. अगदी नेहमीच्या आवाजात. "सकाळपासून चार वेळा बोललो. आता उचलत नाहीये."

त्या माणसाने काचेबाहेर बघितलं.

केदिरने शिफेरावला उठवून बसवलं, तोंडावर पाणी ओतलं. दोन दात पाण्याबरोबर मातीत पडले.

"पोलिसांना बोलावू?"

शिफेरावने नको म्हणून मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागला. "गाशेंना घरी सोड. गाडी तू चालव, त्यांच्या हातात देऊ नकोस. आणि इस्पितळाच्या रस्त्याने जाऊ नकोस."

"आणि पहाटे? या तोंडाने त्यांच्या दारात उभा राहणार?"

"शेजारी आहे मी," शिफेराव म्हणाला. "उभं राहावंच लागेल."

केदिर पुढे जाऊन बसला. गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. मागच्या सीटवर देमिसे पुन्हा फोन लावत होता.

त्याला सांगायचं अजून बाकी होतं.